ब्रेक के बाद... नाना पेठ!

सिंहगडाचा घाट चढताना सगळेच हिरो असतात. खरी परीक्षा असते ती उतरताना!

मागच्या महिन्यातला रविवार. मागे मामेबहीण, खाली बाबांची २००६ ची पल्सर. हो, तीच, जाहिरातीत जिला 'डेफिनेटली मेल' म्हणायचे. आता ती माझ्याकडे असते, कारण गेल्या दिवाळीपासून बाबांचे गुडघे कुरकुरतायत. कुरकुरत तर गाडीही होती. दोन आठवडे पुढचा ब्रेक दाबला की 'कर्रर्र'. पण शनिवारी झोप, रविवारी प्लॅन, सोमवारी ऑफिस. सर्व्हिसिंगला वेळ कुणाला आहे?

उतारावरच्या एका वळणावर समोरून जीप आली. ब्रेक दाबला, पण गाडी नेहमीच्या जागी थांबलीच नाही. थांबली ती जीपच्या बंपरपासून दोन हातांवर. जीपवाले काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बघितलं. खाली खडकवासल्याला कणीस खायचं ठरलं होतं. बहीण एवढंच म्हणाली, "घरी चल."

बाबाही रागावले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आवाज कधीपासून येत होता?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायची लाज वाटली. "उद्या हाफ डे टाक. नाना पेठेत जा. आणि गाडी चालवत नाही, ढकलत न्यायची."

नशीब, आमचं घर शेजारच्या रास्ता पेठेत आहे.

तुम्ही पुण्यात राहता, पण नाना पेठेत शेवटचं कधी गेला होतात? इथून पूर्वेला दहा मिनिटांत कॅम्प सुरू होतो, शॉपिंग आणि केक-पेस्ट्रीवाला. पण नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ म्हणजे दुचाकीवाल्यांची पंढरी आहे. दुकानांच्या दारात चेन, टायर, सायलेन्सर, आरसे तोरणासारखे लटकलेले. आत छतापर्यंत खोके. तुम्ही गाडीचं नाव आणि साल सांगायचं, की काउंटरमागचा पोरगा न बघता हात वर करून बरोबर तोच खोका काढणार. गुगल फिका पडतो बॉस!

माझ्यासमोर दोन पाकिटं आली. एक कंपनीचं, दुसरं जवळजवळ निम्म्या किमतीचं, छपाई पुसट, सील नाही. "दोन्ही चालतात," पोरगा म्हणाला. मला जीपचा बंपर आठवला. कंपनीचं घेतलं. तरी मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या टबापेक्षा स्वस्तच!

गल्लीच्या तोंडाशी फूटपाथवर एक मेकॅनिक काका बसतात. गाडी ढकलत आणताना बघून हसले. "पेट्रोल संपलं का ताई?" मी ब्रेकचं सांगितलं, तसं हसू गेलं. पान्याने कॅलिपरचे दोन बोल्ट सोडवले, जुने पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले. एकावर पातळ थर उरला होता. दुसऱ्यावर नुसतं लोखंड! डिस्कवर बारीक ओरखडे होते, पण डिस्क वाचली होती.

"पण लिव्हर तर नेहमीसारखाच लागत होता," मी म्हटलं.

"तीच तर गंमत आहे," काका म्हणाले. पॅड झिजला की पिस्टन आपोआप थोडा पुढे सरकतो आणि अंतर भरून काढतो. त्यामुळे हाताला फरक कळत नाही. फक्त हॅण्डलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल हळूहळू खाली जातं. म्हणजे ब्रेक स्वतःची झीज लपवतो. शेवटी आवाज करतो, आणि तेव्हा आपण 'बघू नंतर' म्हणतो.

काकांनी पिस्टन पुसून अलगद आत ढकलला. तसं डबीतलं ऑइल वर आलं, म्हणून त्यांनी टाकीवर आधीच फडकं टाकलं होतं. हे ऑइल रंग खातं. मग नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले आणि मला लिव्हर दाबायला लावला. पहिल्यांदा तो पार आत गेला. माझ्या पोटात गोळा! पाच-सहा वेळा दाबल्यावर कडक झाला. हे न करता गाडी काढली, तर पहिल्याच सिग्नलला ब्रेक लागणार नाही. सगळं काम अर्ध्या तासाचं.

नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत दोन आठवडे मी सांभाळून चालवली. मग पुन्हा सिंहगड. उतरताना सेकंड गिअर, इंजिनचाही ब्रेक. बहीण मागे होती. खडकवासल्याला तिने स्वतःहून गाडी थांबवायला लावली. कणसाचे पैसे अर्थात मीच दिले!

घाटात जाण्याआधी

• टॉर्च घेऊन पॅड बघा. थर दोन मिलिमीटरच्या आसपास आला की बदला.
• पॅडला किंवा डिस्कला ऑइल, ग्रीस लागू देऊ नका.
• ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. साधारण दोन वर्षांनी बदला.
• उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका. ऑइल तापून उकळलं की लिव्हर मऊ पडतो.
• १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मोटरसायकलींना एबीएस बंधनकारक झालं. तुमची गाडी त्याआधीची असेल, तर बहुधा तुमचा हातच एबीएस!