आधी ट्रायपॉड, मग लेन्स

पुणे,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. सई,

तुझे कालव्याचे फोटो पाहिले. दिवसाचे छान आहेत. सूर्य बुडाल्यानंतरचे मात्र दाणेदार आणि हललेले. त्यावर तुझा प्रश्न, की एफ १.८ ची लेन्स घेऊ का? घेऊ नकोस. निदान आत्ता नाही. ते पैसे ट्रायपॉडला लाव.

हिशेबच मांडून दाखवते. दिवेलागणीला तू कालव्याच्या भरावावरून एफ ४, १/३० सेकंद आणि आयएसओ ६४०० वर फोटो काढलास. आयएसओ ६४०० म्हणजे १०० च्या तुलनेत सेन्सरला मिळालेला तुटपुंजा प्रकाश ६४ पट फुगवणं. दाणे येतात ते त्यातूनच. आता एफ ४ च्या जागी १.८ आणलंस तर प्रकाश साधारण पाचपट मिळेल, म्हणजे ६४०० चं १२५० वर येशील. पैसे मोजून पाचपट. उलट, आहे ती लेन्स ट्रायपॉडवर चढव, आयएसओ १०० कर आणि शटर दोन सेकंद उघडं ठेव. चौसष्टपट फायदा तिथेच झाला. शिवाय १.८ वर जवळच्या उसाचा तुरा स्पष्ट आला की पलीकडचा काठ पुसट होतो. ट्रायपॉडवर तू एफ ८ वर आठ सेकंद देऊ शकतेस. तुराही स्पष्ट, काठही स्पष्ट.

हातात धरून किती वेळ निभावतं याचा जुना ठोकताळा आहे: लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा तितकावा भाग. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून दीडपट धरायचं. १८ वर १/३० चालेल, ५५ वर १/८० तरी हवं. लेन्समधलं स्थिरीकरण याच्या थोडं पुढे नेतं, पण आठ सेकंद कोणाचाच हात धरणार नाही. आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश विसर. तो तीन-चार मीटरवर दम तोडतो. त्याने बांधावरचं गवत पांढरंफटक होईल आणि मागचं रान काळंच राहील.

आमच्या फोटो स्टुडिओत आम्ही स्टँडला घरच्या माणसासारखं वागवायचो, कारण धंदा त्याच्यावर उभा होता. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवातही अशा हलू न दिलेल्या कॅमेऱ्यापासून धरता येते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोड्या-थोड्या वेळाने चित्रं घेतली. रोपटं डोळ्यांदेखत वाढताना दाखवणारी ती मिनिटभराची 'अंकुराची वाढ' पाहून त्यांना भांडवल मिळालं आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. मधेच कोणी कॅमेरा चार बोटं सरकवला असता तर सगळंच मुसळ केरात.

आता तुमच्या भागाचं. कालव्याला आवर्तन सुटलेलं असेल तेव्हाच जा. वाहतं पाणी आठ-दहा सेकंदांत दुधाळ होतं, कोरड्या कालव्यात तसं काही हाती लागत नाही. वारा असेल तर उसाची पानं हलणारच, त्याला ट्रायपॉड काय करणार? तो कॅमेरा थांबवतो, जग नाही. वारा पडायची वाट बघ. सूर्यास्तानंतर थोडाच वेळ आकाश निळं असतं, दिवे लागलेले असतात, तेवढ्यात काम उरक. मग नुसता काळोख.

गाळप सुरू झालं की तुमच्या पिंपळीवरून इंदापूरकडे जाणाऱ्या पालखी महामार्गावर रात्रभर उसाच्या गाड्या असतात. पंधरा सेकंद शटर उघडं ठेवलंस तर ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या फोटोत दिसणारच नाहीत, दिव्यांच्या रेघा तेवढ्या उरतील. पण उभी राहशील ती रस्त्यापासून चांगली आत, शेताच्या बाजूला. ट्रायपॉडच्या पायांना चमकपट्टी लाव. जड वाहन गेलं की जमीन थरथरते, तेव्हा पुलावर किंवा मोरीवर स्टँड रोवू नकोस. उसाच्या कडेने चालताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवी. घोणस तुझ्या फोटोची वाट बघत थांबत नाही.

रोवण्यातही थोडी अक्कल लागते. एक पाय समोर, लेन्सच्या दिशेने, म्हणजे पुढचं वजन तोलतं. आधी जाड नळ्या उघडायच्या, बारीक नंतर. मधला दांडा वर काढायचा नाही. ती उंची फसवी असते, दांडा वर गेला की तीन पायांचा ट्रायपॉड एका काठीवर येतो. काळ्या रानात पाय रुततात, खाली फरशीचे तुकडे ठेव. बॅग मधल्या आकड्याला अडकव, पण अर्धी जमिनीला टेकलेली, नाहीतर झोका घेऊन तीच हलवते. लेन्समधलं स्थिरीकरण बंद कर. बटण दाबायच्या धक्क्यानेही फोटो हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लाव. फोकस लांबच्या एखाद्या दिव्यावर, स्क्रीन मोठी करून, हाताने. अंधारात ऑटोफोकस नुसता चाचपडत बसतो.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. धरणात गाव गेलं, देऊळ तिथेच राहिलं. अमावस्येच्या सुमाराला तिथे जायचं. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो, कारण आपला अक्षांशच तेवढा. हात लांब करून दोन मुठी क्षितिजावर एकावर एक धरल्यास की वरच्या मुठीच्या कडेच्या जरासा खाली दिसेल. कॅमेरा उत्तरेला रोखून तीस सेकंदांचे फोटो तासभर सलग घ्यायचे आणि नंतर एकावर एक चढवायचे. तासाला आकाश १५ अंश फिरतं, तेवढे कंस देवळामागे उमटतात. गाळात पाय रोवायला तिथे मात्र फळ्या न्याव्या लागतील.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून तुमच्या गावावरून काटेवाडीला जाते, तेव्हा ट्रायपॉड घरीच ठेव. चालत्या दिंडीत तीन पाय पसरणं म्हणजे वारकऱ्यांच्या पायात अडथळा. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण हातातून, दिवसाउजेडी काढायचं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, हेही ध्यानात असू दे.

घ्यायचा कोणता? सर्वांत स्वस्त प्लास्टिकचा नको, तो टोपी वाळत घालायला बरा. किती वजन पेलतो ते त्यावर लिहिलेलं असतं. कॅमेरा आणि लेन्स मिळून होईल त्याच्या दुप्पट तरी हवं. दुकानात पाय पूर्ण उघड, वरून हाताने पीळ देऊन बघ, लचकला तर ठेवून दे. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचे जुने जड स्टँड विकायला असतात. मोटारसायकलवर नेणार असशील तर तसाही चालेल, जड असणं हा त्याचा गुणच. खांद्यावरून डोंगर चढायचा असता तर वेगळं बोलले असते, पण पिंपळीत कसला आलाय डोंगर!

डिसेंबरात मी येणार आहे, तेव्हा बारामतीत दोघी मिळून दुकानं पालथी घालू. लेन्सचे पैसे तोवर बँकेतच राहू देत. ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी