देवळीतली बाटली

आमच्या माजघरात चुलीच्या उजव्या हाताला एक देवळी होती. नाव देवळी, पण तिच्यात देव नव्हता, बाटल्या होत्या. तिखाडीच्या तेलाची एक, निलगिरीच्या तेलाची एक, लवंगेच्या तेलाची बोटाएवढी एक, आणि शेजारी कापराची डबी. घरात कोणी कण्हलं की आजी आधी देवळीकडं बघायची, मग दवाखान्याकडं.

परतवाड्याहून मेळघाटाकडं जाताना डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पावसाळा सरला की उतारावर तिखाडी पुरुषभर वाढायची आणि तिला तांबूस तुरे यायचे. खानदेशाकडं ह्याच गवताला रोशा म्हणतात. आमचे आबाजी हिवाळ्यात तिखाडीच्या भट्टीवर मजुरीला जायचे. भट्टी असायची नाल्याच्या काठी, कारण तिला सतत थंड पाणी लागायचं. मोठ्या डेगीत गवत कोंबायचं, पाणी घालायचं, झाकण चिखलानं लिंपून टाकायचं आणि खालून जाळ लावायचा. वाफ नळीतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरायची, तिथं थंड व्हायची. खाली पाणी राहायचं आणि वर पिवळसर तेल तरंगायचं. ते अलगद काढून घ्यायचं. क्विंटलभर गवत उकळावं तेव्हा अर्धा किलोच्या आतबाहेर तेल निघायचं. ते व्यापारी घेऊन जायचे. ह्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. एके काळी ते मुंबईमार्गे पार तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं, हे मला फार पुढं पुस्तकात वाचायला मिळालं. आबाजींना एवढंच ठाऊक होतं, की संध्याकाळी ते घरी आले की सगळं घर वासानं भरून जातं आणि म्हातारीचे गुडघे त्या तेलानं मोकळे होतात.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण देवळीचा कायदा तिचा होता.

"तेल म्हंजे काय हाये बापा? भाराभर गवताचा जीव हाये थो," ती म्हणायची. "नुसतं लावशीन तं आंग भाजीन."

म्हणून ती वाटीभर तिळाच्या तेलात तिखाडीचे मोजून पाच-सहा थेंब टाकायची, बोटानं ढवळायची, आणि मगच गुडघ्याला हात लावायची. दाढ दुखली तर लवंगेच्या तेलाचा एकच थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेवर ठेवायचा. हिरडीला लागू द्यायचा नाही, कारण हिरडी पोळते. निलगिरी फक्त मोठ्यांसाठी. गरम पाण्याच्या भांड्यात दोन थेंब टाकायचे, डोळे मिटायचे आणि वाफ घ्यायची. लहान लेकरू सर्दीनं भरलं तर तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी दूर, पाळण्याच्या दांडीला बांधायची. "लेकराच्या नाकाले तेल लावू नोको, त्याचा दम कोंडते," हे तिचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं.

एवढा कायदा असूनही जे घडायचं ते आमच्याच घरात घडलं. आणि ते माझ्या हातानं घडलं.

1974 साल. दिवाळी होऊन गेली होती, कापूस फुटला होता. मी बारा वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. माय, बाबा, आजी सगळे वेचणीला गेलेले. धाकटीला खोकला होता आणि मला पडसं. जाताना माय म्हणाली, "दुपारी तिले खोकल्याचं अवशिद देजो, एक चमचा."

दोन दिवसांपूर्वी निलगिरीच्या बाटलीला तडा गेला होता. तेल वाया जाऊ नये म्हणून काकूनं ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. तीच तपकिरी बाटली, तेच लेबल. खरं औषध मायच्या उशाशी होतं. मी देवळीतलं काढलं.

वास आला नाही का, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. माझं नाक चोंदलेलं होतं, आणि त्या घराला तो वास बारा महिने होताच. धाकटीनं मात्र तोंड फिरवलं. मी मोठ्या माणसाचा आव आणून तिचं नाक दाबलं, चमचा आत सारला आणि म्हणालो, "गिळ मुकाट्यानं."

ती किंचाळली. खोकून खोकून लाल झाली. मग रडणं थांबलं, ते मला बरं वाटलं. थोड्या वेळानं पाहतो तर ती दारू प्यायलेल्या माणसासारखी झोकांड्या खात चालते आहे. मग खाली बसली आणि मान टाकली. अर्ध्या तासाच्या आत तिच्या हातापायांना झटके यायला लागले.

मी ओरडत सुटलो. शेजारच्या बाया जमल्या. कोणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, कोणी म्हणालं घशात बोट घाला. एकीनं पाण्याचा तांब्या उचललाही होता. तेवढ्यात गावातल्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी धाकटीच्या तोंडाचा वास घेतला, तांब्या बाजूला सारला आणि तिला कुशीवर वळवलं. "उलटी कोणी करवू नका. तेल छातीत गेलं तर पोर हातची जाईल. बाटली सोबत घ्या," एवढंच त्या बोलल्या. जंगलच्या ठेकेदाराची जीप उभी होती, तिच्यातून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी दोन रात्री तिला प्राणवायू लावून ठेवलं. त्यांनी बाबांना सांगितलं, की निलगिरीचं तेल थेट मेंदूवर जातं आणि एवढ्या लहान लेकराला चार-पाच मिली, म्हणजे एक चमचासुद्धा जिवावर बेतू शकतो. कापराचं त्याहून वाईट, लहानसा तुकडा पोटात गेला तरी झटके येतात. बाबा मान खाली घालून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं डोळे उघडले आणि भाकर मागितली. मी दवाखान्याच्या मागं जाऊन रडलो.

मला कोणी मारलं नाही. रात्री बाबांनी फक्त विचारलं, "नाक दाबलं व्हतं काय रे तिचं?" मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आजीनं देवळी रिकामी केली. बाटल्या आढ्याजवळच्या फळीवर गेल्या. आणि पोटात घ्यायच्या नाहीत अशा प्रत्येक बाटलीच्या गळ्याला तिनं लाल चिंधी बांधली. वाचता न येणाऱ्या बाईनं लावलेलं ते लेबल होतं.

परवा पुण्याला धाकटीकडं गेलो होतो. आता तीच आजी झाली आहे. तिची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ चार महिन्यांचं. खोलीत शिरलो आणि पन्नास वर्षांपूर्वीचा वास नाकात घुसला. पाळण्याजवळ एक पांढरं यंत्र धुकं सोडत होतं. शेजारी लॅव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट आणि निलगिरीच्या सुबक बाटल्या.

"मामा, अरोमाथेरपी. बाळाचं नाक मोकळं राहतं," भाची म्हणाली. "केमिकल नाही हं काही, सगळं नैसर्गिक आहे."

मी आधी यंत्र बंद केलं, खिडकी उघडली. मग म्हणालो, "पोरी, तुझ्या आईनं गिळलं तेही नैसर्गिकच होतं." एक चमचा तेलासाठी अर्धा किलोच्या आसपास पाला लागतो. अर्धा किलो पाला कोणी लेकराला चारेल का?

मी तेलांचा वैरी नाही. माझे गुडघे आजही तिखाडीच्या तेलावर चालतात. लॅव्हेंडरच्या वासानं भाचीला शांत वाटत असेल तर तिनं तो जरूर घ्यावा. पण पुदिना आणि निलगिरी तान्ह्याच्या नाकाजवळ नको. अंगाला लावायचं तर दोन मोठे चमचे साध्या तेलात पाच-सहा थेंब पुरेत, तेही मोठ्यांना. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी पोळते. बाटली जुनी झाली, हवा लागली की तेच तेल अंगावर पुरळ उठवतं. पोटात तर थेंबही नाही. हे सगळं मी डॉक्टरांकडून, पुस्तकांतून नंतर शिकलो. पण अर्ध्याहून जास्त मला आजीनं आधीच सांगितलं होतं.

धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. ती आत गेली, शिवणाच्या डब्यातून लाल कापडाची पट्टी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली.

"दादा, तूच बांध," ती म्हणाली.

मी एकेका बाटलीला गाठ मारत गेलो. चार बाटल्या होत्या. हात थोडे थरथरत होते, ते वयामुळं असावं.