नेवाशाची ज्ञानेश्वरी, पुण्याची कपाटं

ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशात, पण तिच्याविषयी विद्वान काय म्हणतात ते पाहायला आम्हाला पुणं गाठावं लागायचं. तिथल्या पैस खांबापाशी पारायणाला बसणाऱ्यांना शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, तोंडपाठ. पण एकनाथांनी १५८४ साली शुद्ध केलेली प्रत आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत यांत फरक कुठे, ज्ञानेश्वरी सांगणारा आणि अभंग रचणारा ज्ञानदेव एकच का, असले प्रश्न एकदा डोक्यात शिरले की नुसत्या पारायणाने भागत नसे. मग नगरहून पहाटेची एसटी.

ऐंशीच्या दशकात हा माग काढायचा म्हणजे सुरुवात शंकर गणेश दात्यांच्या सूचीपासून. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं त्यांनी नोंदवून ठेवली, पुढे १९५० पर्यंतचा खंडही केला. त्यावरून नावं उतरवायची आणि ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणांपुढे उभं राहायचं. खण अर्धाच उघडायचा. कार्डं कडेला मळून काळी पडलेली, काहींवरची शाई उडालेली. चिठ्ठी भरून दिली की शिपाई आत जाई आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परत येई: "बाइंडिंगला गेलंय." जे मिळे ते फुलस्केप कागदावर उतरवून घ्यायचं, कारण जुनं पुस्तक झेरॉक्सला देत नसत.

पण त्या संथ कामात एक गोष्ट आपोआप घडायची. कोण कुणाला उत्तर देतोय ते कळायचं. एका जुन्या पुस्तकाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "राजवाडे पाहा. पटत नाही." एवढ्याशा शेऱ्याने माझं पुढचं वाचन ठरवलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानदेव दोन असल्याचं मांडलं, भिंगारकरबुवांनी त्यांना उत्तर दिलं, आणि पुढची कित्येक वर्षं ज्ञानेश्वरांवर लिहिणाऱ्याला या वादात कुठली तरी बाजू घ्यावीच लागली. ग्रंथपालांनाही हा इतिहास माहीत असे. "हे आधी वाचा, मग ते मागा," असं सांगणारा माणूस काउंटरपलीकडे बसलेला असायचा.

त्याच काळात पुण्यातच हाती आलं 'श्रीज्ञानेश्वर दर्शन'. दोन भाग, १९३४ सालचे, प्रकाशक वाङ्मयोपासक मंडळ, अहमदनगर. हसावं की रडावं कळेना! आमच्याच गावच्या मंडळींनी ज्ञानेश्वरांवरचे अभ्यासलेख जमवून ग्रंथ काढला, आणि तो वाचायला मी सव्वाशे किलोमीटर लांब आलो होतो. तोवर माझी समजूत अशी की संशोधन पुण्यात होतं, आमच्या वाट्याला दिंड्या आणि सप्ते. नेवाशाची माती विद्वानांना नवी नव्हतीच म्हणा. १९५४ पासून डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि त्यांचे सहकारी तिथली लाडमोड टेकडी खणत होते आणि अश्मयुगापर्यंत जाऊन पोचले होते.

परदेशातलं काम तर ऐकीव असायचं. शार्लोत वोदविल यांचा हरिपाठावरचा फ्रेंच ग्रंथ १९६९ चा. माझ्यापर्यंत आली ती कुणाच्या तरी तळटीपेतली एक ओळ.

आता मोबाइल उघडला की सगळं पुढ्यात. १९६० ची शासकीय ज्ञानेश्वरी, दांडेकरांची सार्थ प्रत, जुन्या मासिकांचे अंक, शोधगंगेवरचे पीएचडीचे प्रबंध. मोल्सवर्थचा कोश आणि तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाने घरात आणून ठेवलाय. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांचं लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरीवरचं पुस्तक २०१६ ला आलं, तेव्हा त्याची परीक्षणं मी घरच्या ओट्यावर बसून वाचली. नेवाशातल्या एखाद्या पोरीला आज एम.ए.चा निबंध लिहायचा असेल तर एसटीचा पास लागत नाही. ते जुने दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

खटकतं ते वेगळंच. रोमन लिपीत ज्ञानेश्वरांचं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहितात. एक टाकलं की दुसऱ्यातलं निसटतं. जे सापडतं ते सगळं एका रांगेत. भारद्वाजांचा लेख आणि गेल्या महिन्यात कुठल्याशा चर्चासत्रासाठी घाईने पाडलेला निबंध, दोन्हींचा मान सारखाच. शोधणं सोपं झालं, पण समासात "पटत नाही" लिहिणारा आणि "हे आधी वाचा" म्हणणारा, दोघेही गेले.

हीच उणीव दुसरीकडे कशी भरून काढतात ते पाहा. इंग्रजांचा कवी चॉसर आपल्या ज्ञानेश्वरीनंतर अर्ध्या शतकाने जन्मला. त्याच्याही हातची प्रत उरलेली नाही. त्याच्या काव्याच्या हेंगर्ट आणि एल्समेर या दोन जुन्या हस्तलिखितांपैकी कुठलं प्रमाण मानायचं यावर तिथेही भांडणं आहेत, अगदी आपल्या एकनाथ-राजवाडे प्रतींसारखीच. पण ती दोन्ही हस्तलिखितं ग्रंथालयांत जपलेली आहेत आणि त्यांची पानं आज कुणालाही पाहता येतात. राजवाड्यांनी ज्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली ती पोथीच आता हाती नाही. शिवाय चॉसरच्या अभ्यासकांची संस्था आपल्या वार्षिकात नव्या पुस्तकांची आणि लेखांची यादी देते, आणि प्रत्येक नोंदीखाली त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. दात्यांनी एकट्याने सूची करायची शिस्त घालून दिली; ज्ञानेश्वरीपुरतं तरी टाचणांसह ते काम दरवर्षी पुढे चालायला हवं.

ते नगर जिल्ह्यातूनच का होऊ नये? १९३४ साली खिळे जुळवून दोन भाग निघाले. आज नगर-नेवाशाच्या कॉलेजांतल्या मराठी विभागांपुढे कॉम्प्युटर आहेत, विद्यार्थी आहेत. वर्षभरात ज्ञानेश्वरीवर जे छापून येईल ते वाटून घ्यावं, वाचावं, प्रत्येकावर तीन ओळी लिहाव्यात: नवं काय, जुनंच पुन्हा काय, कुणाचं म्हणणं खोडलंय. पहिल्याच वर्षी भांडणं होतील, आपल्या लेखाला 'जुनंच' म्हटलं म्हणून प्राध्यापक रुसतील. रुसू देत. भारद्वाज आणि भिंगारकरबुवांपासून हा अभ्यास वाढला तो असल्याच भांडणांवर.