बेलापूरचे कौलारू छप्पर

सीबीडी बेलापूर या नावाला कचेरीचा वास आहे. हार्बरच्या गाडीतून उतरावे, तो समोर बँका, सरकारी इमारती आणि घड्याळाकडे पाहत धावणारी माणसे! पण रिक्षावाल्याला नुसते ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणून सांगावे. थोड्याच वेळात पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेक्टर आठमध्ये, आपण एका निराळ्याच गावात उतरतो. लहान लहान अंगणे, दाराशी तुळस, वळणे घेत जाणाऱ्या वाटा, आणि मधूनच अजून तग धरून राहिलेले एखादे उतरते कौलारू छप्पर.

ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी आखली आणि १९८३ ते १९८६ या काळात ती उभी राहिली. सुमारे सहा हेक्टर जागेत साडेपाचशे कुटुंबे, तीही उंच इमारती न चढवता! सात घरांचा एक घोळका, मध्ये आठ मीटर लांबरुंद अंगण. असे तीन घोळके मिळून आणखी एक मोठे अंगण. भिंतीला भिंत लागलेली नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने घर वाढवावे. लोकांनी ती मुभा पुरेपूर घेतली आहे. कौले उतरली, स्लॅब चढले, मजले आले. कोणी नाक मुरडतात. पण वाढत्या संसाराला वाढते घर हवे, हीच तर मुळातली कल्पना होती.

माझी मावसबहीण येथेच राहते. यंदा एप्रिलात तिच्या घरी हाच प्रश्न ऐरणीवर होता. कौलांखालची वरची खोली दुपारी भट्टीसारखी तापे. मुलाचे नवे लग्न झालेले. खोली राहण्याजोगी झाली नाही तर दोघे खारघरला भाड्याने जाणार, हे कोणी बोलत नव्हते. पण सगळ्यांना ठाऊक होते.

“कौले काढून स्लॅबच टाकू,” मेव्हणे म्हणाले.

“स्लॅबने गारवा येतो, असे कोणी सांगितले तुम्हाला?” त्यांच्या आईंनी विचारले. “आमच्या दापोलीच्या घरात माळ्यावर पेंढा रचलेला असे. वर ऊन पेटलेले, आणि खाली आम्ही स्वस्थ झोपलेलो.”

म्हातारीच्या बोलण्यात अख्खे शास्त्र होते. पेंढ्याच्या काड्यांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता पुढे सरकू देत नाही. देशावरच्या माळवदाची माती हे काम वेगळ्या रीतीने, आपल्या जाडीने करते. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री, नेमके आपण अंथरुणावर पडलो की, ते खाली ओततो. स्लॅब टाकायचाच, तर त्यावर पांढऱ्या फुटक्या लाद्यांचा थर किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग हवा. अहमदाबादेत २०१० साली उन्हाने पुष्कळ माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्म्याविरुद्ध योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवण्याचा उपक्रमही हाती घेतला.

अखेर एका जुन्या सुताराला बोलावले. त्याने आधी शाकारणी करायला लावली. कारण गळक्या कौलांखाली काचतंतूंची गादी घातली, तर पहिल्याच पावसात ती भिजून निकामी होते. मग रिपांखाली चकचकीत पत्र्यासारखा कागद ताणला, त्याच्याखाली बोटभर पोकळी ठेवली, आणि तिच्याखाली गादी व लाकडी छत.

मुलाला ही हौस, की आता एकूण एक फट बुजवावी. सुतार हसला. “खोलीच्या फटी बुजवा, साहेब, माळ्याच्या नको. आढ्याजवळून तापली हवा बाहेर गेली पाहिजे, आणि पावसाळ्यात लाकूड वाळले पाहिजे.”

त्याचे म्हणणे खरे आहे. अमेरिकेत कडाक्याच्या थंडीत घरातली ऊब वर निसटू नये म्हणून छतातल्या फटी बुजवतात, आणि तेथेही पुष्कळ घरांत माळ्याला हवेची वाट ठेवतात. आपल्याकडे ऊब बाहेरची आणि गारवा आतला, एवढाच फरक. वातानुकूलित खोलीत तर छताच्या आणि दिव्यांच्या भोवतालच्या फटी बुजवायलाच हव्यात. नाहीतर विकत घेतलेला गारवा वाऱ्यावर जातो आणि पावसाळी दमट हवा आत शिरून थंड जागी घाम धरते.

या खटाटोपाला खर्च आला. पण स्लॅबपेक्षा पुष्कळच कमी. मे महिन्यात खोली थंड झाली असे म्हणणार नाही. कोकणच्या उकाड्याला पंखा हवाच. मात्र डोक्यावरची ती आच गेली. दुपारी तेथे पुस्तक वाचता येऊ लागले, रात्री झोप लागू लागली.

खारघरच्या घराची चौकशी थांबली आहे. सूनबाईंनी वरच्या खिडकीत आकाशकंदिलासाठी खिळा ठोकून घेतला आहे.