अडलेले बोट

यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी मिस्सा चालू असताना आम्ही प्याला वेदीवर टेकवला आणि आमच्या उजव्या हाताची अनामिका मिटलेलीच राहिली. डाव्या हाताने ओढली तेव्हा ती 'टक्' करून उघडली. वेदीसेवक मुलाने ते पाहिले. आम्ही काही घडलेच नाही असे दाखवले. सेमिनरीत वाचलेले संत इझाक जोग मात्र आठवले. १६४२ साली मोहॉक लोकांच्या कैदेत त्यांच्या बोटांची दुर्दशा झाली आणि पुढे मिस्सा अर्पिण्यास त्यांना पोप आठवे अर्बन यांची खास अनुमती लागली. आमचे दुखणे त्यांच्या पासंगालाही पुरणारे नव्हे. पण भीती वाटली खरी.

महिनाभर हा लपंडाव चालला. अखेर जालन्याच्या डॉक्टरांनी कोडे उलगडले. बोट मिटवणारा स्नायुरज्जू हाडालगतच्या कड्यांतून सरकतो. तळहातातले पहिले कडे जाड झाले, रज्जूवर गाठ आली, की नेफ्यात नाडीची गाठ अडकावी तसे बोट अडते. आल्फाँस नोत्ता या फ्रेंच वैद्याने ही गाठ १८५० सालीच वर्णिली होती. मधुमेह्यांत हा विकार अधिक, आणि आमची साखर तर जुनीच.

आधी स्टेरॉइडचे इंजेक्शन झाले. साखर चार दिवस चढली, बोट दीड महिन्याने पुन्हा अडले. मग शस्त्रक्रिया. तळहातापुरती भूल, सेंटिमीटरभर छेद. कडे कापल्यावर डॉक्टर म्हणाले, "फादर, मिटा बरं बोट. आता उघडा." बोट सरळ उघडले. वीस मिनिटांत सारे आटोपले, आणि तिथेच टेबलावर आम्हांला राजूरची एक माउली आठवली.

दोन वर्षांपूर्वी तिने आम्हांला आपला अंगठा दाखवला होता. कापूस वेचताना अडतो, म्हणाली. हात न लावताच "शेकत जा, वयोमानाने होते," असे सांगून आम्ही चहा संपवला. आमच्या त्या शब्दावर तिने दोन हंगाम काढले.

टाके निघताच आम्ही राजूरला गेलो. चतुर्थी होती, राजुरेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या गर्दीतून वाट काढावी लागली. तळहातावरचा व्रण दाखवून आम्ही चूक कबूल केली. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "फादर, मंग कापूस येचायला कव्हा जाता येईल?"

तीन-चार आठवडे तरी नाही, आम्ही म्हणालो. ती उरलेल्या वेचण्या पेरांवर मोजू लागली. अंगठा मध्येच अडला. दुसऱ्या हाताने सोडवून तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"संक्रांत होऊन जाऊ द्या," ती म्हणाली.

संक्रांतीनंतर जालन्याला तिच्यासोबत आम्हीच जाणार आहोत.