मुंबई ते केपटाऊन : सतरा तासांची वाट

केपटाऊनच्या मामूंचा इंतकाल झाल्याची खबर आली तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. तिकडे पहाटेचे पाच. जनाजा जुहरनंतर, म्हणजे आपल्या पावणेपाचच्या सुमारास. हाताशी आठ तास, प्रवास सतरा तासांचा आणि व्हिसाही नाही. अम्मींनी दोनदा विचारले, “विमानानंसुद्धा पोचता नाही यायचं?”

मामू म्हणजे अम्मींचे चुलत भाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातली कितीतरी मुसलमान कुटुंबे आगबोटीने तिकडे गेली, त्यांतलेच एक यांचे. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. पुढे आपल्या पासपोर्टवर त्या देशात जाताच येत नसे. १९९३ साली संबंध पुन्हा जुळले, आणि दुसऱ्याच वर्षी मामू पहिल्यांदा गावी आले. तोवर बहीणभावांनी एकमेकांना फोटोतच पाहिलेले.

आम्ही तीन आठवड्यांनी निघालो. सरळ रेघेत हे अंतर सुमारे ८,२०० किलोमीटर आहे, पण थेट विमान नाही. दुबईमार्गे ते साडेनऊ हजारांवर जाते. रात्री दहाला मुंबई सोडली. तीन तासांत दुबई, तिथे साडेचार तास बाकड्यावर (चहाची किंमत सांगत नाही!), मग साडेनऊ तासांचे दुसरे विमान.

फजरच्या वेळी समोरच्या पडद्यावर सोमालियाचा किनारा दिसत होता. विमान नैऋत्येला चाललेले, त्यामुळे किब्ला आमच्या उजव्या हाताला. हवाई सुंदरीने मागच्या पडद्याजवळ जागा करून दिली. आम्ही आळीपाळीने नमाज पढलो. पुढे केनिया, टांझानिया, मग नुसते ढग. साडेअकराला खाली उतरलो तेव्हा मुंबईत दुपारचे तीन वाजले होते.

मामूंचा मुलगा न्यायला आला होता. वाटेत त्याने बो-काप दाखवले. रंगीत घरांच्या चढावर १७९४ सालची अव्वल मस्जिद आहे, त्या देशातली पहिली. जाव्याकडच्या बेटांवरून कैद करून आणलेल्या मुसलमानांची ही वस्ती. त्यांना तर परतीची वाटच नव्हती.

कब्रस्तानात वारा फार होता. फातिहा झाल्यावर अम्मींना व्हिडिओ कॉल लावला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, कबर अशी आडवी का?”

गावी आपल्या कबरी उत्तर-दक्षिण असतात, मय्यतीचे तोंड पश्चिमेला. केपटाऊनहून मक्का उत्तर-ईशान्येला पडते, म्हणून तिथे डोके पूर्वेकडे, पाय पश्चिमेकडे. आम्ही समजावून सांगितले.

“म्हणजे तोंड काब्याकडेच ना?”

“हो अम्मी.”

“मग फोन जरा खाली धर. माती बघू दे.”