रात्रीची गोळी

ओलान्झापिन सुरू झाले आणि आठ महिन्यांत आमचे वजन 58 वरून 74 किलोवर गेले. डोके शांत झाले, पण भूक शमेना. ही गोळी मेंदूतल्या हिस्टामिनचे काम रोखते, त्याने भूक वाढते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मासवणमध्ये बायका म्हणत, "बाजी, तब्येत छान सुधारली!" घरात गोळीचे नाव कुणी काढत नसे. शरमेने आम्ही ती परस्पर बंद केली. वजन उतरले नाही. झोप मात्र गेली. वर्गात अलिफ-बे लिहिताना हात थांबला. मुले बघत राहिली. अम्मीनेच पालघरला डॉक्टरांकडे नेले.

गोळी पुन्हा सुरू झाली. सोबत मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आले. भात अर्ध्यावर आणला, गोड चहा सोडला, फजरनंतर सूर्या नदीपर्यंत चालू लागलो. रमजानमध्ये रोजे सुटले तेव्हा आम्ही रडलो. अम्मी म्हणाली, "बीमाराला सूट कुरआनातच दिलीय, बेटा."

वर्षभरात 9 किलो उतरले. 7 अजून अंगावर आहेत, गोळीही चालू आहे. साखरेची गोळी लोक चारचौघांत घेतात. आम्हीही आता विचारणाऱ्याला आपल्या गोळीचे नाव सांगतो.